ट्रॅकवर ईएससी बंद, एबीएस चालू : फ्यूजला हात न लावता

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीला विचारून बघा, "ट्रॅकवर जायचंय, ते ईएसपी बंद करून पाहिजे." बहुतेक वेळा उत्तर एकच येतं : "एबीएसचा फ्यूज उपसायचा. हाय काय अन् नाय काय!" मिस्त्री खोटं बोलत नाही. फ्यूज काढला की ईएससी, म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा (ईएसपी हे तिचंच दुसरं नाव), बंद होतंच. पण त्याच्यासोबत ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारं एबीएसही जातं आणि पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडीही जातं, ज्याचं नाव बऱ्याच गाडीमालकांनी फक्त माहितीपत्रकात वाचलेलं असतं. ट्रॅकवर ईएससी नसलं तर चालवणाऱ्याची परीक्षा होते. एबीएस नसलं तर टायर घासून चपटे होतात. ईबीडी नसलं तर पहिल्याच कडक ब्रेकला गाडी तोंड फिरवून उभी राहू शकते.

म्हणून हा सगळा लेख एका नियमावर उभा आहे : ईएससीला बंद होण्याची आज्ञा द्यायची, त्याला बिघाडून बंद पाडायचं नाही. आज्ञा दिली की ब्रेकचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, बाकीची कामं नेहमीसारखी करत राहतं. बिघाड केला की ते स्वतःला वाचवायला काय काय सोडून देईल, हे तुमच्या हातात राहत नाही.

कोल्हापूरला या खेळाचा नाद जुना आहे. मोहितेंच्या रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांच्या शर्यतींच्या, फेऱ्या झाल्या आहेत, ध्रुव मोहिते २०१८ मध्ये फोक्सवॅगनची अमियो कप ही शर्यतमालिका जिंकला, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. त्यामुळे आपल्याकडे ट्रॅकची चव अनेकांना आधी कार्टमध्ये लागते आणि तिथूनच एक गैरसमज गाडीत येतो. कार्टमध्ये एबीएस नाही, ईएससी नाही, बहुतेक कार्टना ब्रेकही फक्त मागच्या ॲक्सलला असतो, आणि तरी मजा येते. मग गाडीत हे सगळं कशाला? कारण कार्ट चालवणाऱ्यासकट दीड-दोनशे किलोची असते, बुड जमिनीला टेकलेलं असतं आणि ब्रेक मारल्यावर तिचं वजन फारसं पुढं झुकत नाही. अकराशे किलोची हॅचबॅक शंभराच्या वर वेगात असताना ब्रेक मारला की मागची चाकं जवळपास हलकी होतात. तिथला हिशोब वेगळा आहे.

एकाच डब्यात तीन कामं

बॉनेट उघडल्यावर मास्टर सिलिंडरकडून येणाऱ्या ब्रेकच्या नळ्या एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात शिरताना दिसतात. तो हायड्रॉलिक मॉड्युलेटर. त्याच्या आत झडपा आणि एक पंप असतो, बाजूला त्याचा कॉम्प्युटर चिकटवलेला असतो. एबीएस, ईबीडी आणि ईएससी ही तिन्ही कामं हाच एक डबा करतो. फरक आहे तो कुठली माहिती घेऊन, यात.

एबीएसला मुख्यतः चार चाकांचे वेग पुरतात. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं की ते लॉक होतंय असं समजून त्या चाकाचा दाब सोडायचा, पुन्हा धरायचा. बॉशने हे तंत्र १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासवर आणलं. ईएससी १९९५ मध्ये आलं, तेही मर्सिडीजवरच. त्याला चाकांच्या वेगाबरोबर आणखी तीन गोष्टी लागतात : स्टिअरिंग किती फिरवलं, गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगानं फिरतेय आणि बाजूला किती ओढली जातेय. तुम्ही स्टिअरिंगनं मागितलेलं वळण आणि गाडी प्रत्यक्षात घेत असलेलं वळण यांत फरक पडला की ते इंजिनची ताकद कापतं आणि एखाद्याच चाकाला ब्रेक लावतं. तुमचा पाय ब्रेकवर नसला तरी लावतं, त्यासाठीच पंप आहे.

हे नीट कळलं की अर्धा लेख कळला. ईएससी काढायचं म्हणजे वरची तीन माहितीची तोंडं निकामी करायची किंवा त्यांच्यावर कारवाई करू नको असं सांगायचं; चाकांच्या वेगाच्या सेन्सरला मात्र हात लावायचा नाही. "एका चाकाचा सेन्सर काढ, ईएसपी जातंय" असा सल्ला कुणी दिला तर नमस्कार करून बाहेर पडा. चारपैकी एक सेन्सर गेला की एबीएसच आंधळं होतं.

आता ईबीडी. जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकच्या नळीवर दाब मर्यादित ठेवणारा एक यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा, कारण मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी सरळ राहत नाही. एबीएसवाल्या बहुतेक नव्या गाड्यांतून तो व्हॉल्व्ह गेला आणि त्याचं काम याच डब्यावर आलं. म्हणजे फ्यूज काढलेली आजची हॅचबॅक ही एबीएस नसलेल्या जुन्या गाडीसारखी होत नाही, त्यापेक्षा वाईट होते. जुन्या गाडीत निदान व्हॉल्व्ह तरी होता.

आधी पुस्तिका, मग बटण

ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत झोपलेली ओनर्स मॅन्युअल बाहेर काढा आणि ईएससी, ईएसपी, व्हीएससी, डीएससी यांपैकी तुमच्या कंपनीनं जे नाव दिलं असेल ते पान शोधा. तिथं तीन प्रश्नांची उत्तरं हवीत : बटण थोडं दाबल्यावर काय बंद होतं, धरून ठेवल्यावर काय बंद होतं, आणि कुठल्या परिस्थितीत ते आपोआप परत चालू होतं.

पहिल्या दोन प्रश्नांत बरेच जण फसतात. ह्युंदाई आणि कियाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बटण टिचकीसारखं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोलचं (रेस देताना चाकं जागच्या जागी फिरू न देणाऱ्या सोयीचं) इंजिनवरचं नियंत्रण सुटतं; तीन सेकंदांपेक्षा जास्त धरलं तरच स्थिरता नियंत्रण, म्हणजे ईएससी, बंद होतं. टोयोटाच्या अनेक गाड्यांत हीच रीत, पण गाडी थांबलेली असताना. बीएमडब्ल्यूमध्ये छोट्या दाबानं डीटीसी हा मधला टप्पा मिळतो, लांब दाबानं डीएससी बंद. फोक्सवॅगन समूहाच्या कित्येक गाड्यांत बटणानं किंवा स्क्रीनवरून फक्त एएसआर म्हणजे चाकफिरकीचं नियंत्रण बंद होतं, ईएससी तसंच जागं राहतं. मालक मात्र पिवळा दिवा पाहून खूश.

तिसऱ्या प्रश्नाकडे तर कुणी बघतच नाही. काही गाड्यांत ठरावीक वेग ओलांडला की यंत्रणा परत चालू होते. ती सोय चिखलातून गाडी काढण्यासाठी दिलेली असते, ट्रॅकसाठी नव्हे. मर्सिडीजमध्ये ईएसपी बंद केलं तरी ब्रेक मारताना ते मदतीला येतं. आणि जवळपास सगळ्याच गाड्यांत इंजिन बंद करून चालू केलं की सगळं पूर्ववत. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूच्या थांब्यावर, गाडी बंद केली असेल तर बाहेर पडताना बटण पुन्हा धरावं लागतं, हे आधीच मनात पक्कं करून ठेवा.

लांब दाबानं ईएससी पूर्ण बंद होणारी गाडी तुमच्याकडे असेल तर तुमचं काम जवळपास झालं. पुढचा कोडिंगचा आणि सेन्सरचा भाग वाचायचीही गरज नाही; थेट दिव्यांकडे या.

कोडिंग

कोडिंग म्हणजे मॉड्यूलच्या आतली सेटिंग बदलणं. बटणाला फक्त ट्रॅक्शन दिलंय, पण त्याच मॉड्यूलमध्ये ईएससी बंद करण्याची सोय झोपलेली आहे, अशा गाड्या बऱ्याच असतात. फोक्सवॅगन आणि स्कोडावाल्यांना हे माहीत असतं, कारण व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखं स्कॅनिंगचं साधन लावून ब्रेक मॉड्यूलच्या पत्त्यावर, म्हणजे ०३ वर, जाता येतं. तुमच्या मॉड्यूलमध्ये तशी सोय दिलेली असेल तर ती तिथून उघडते.

करायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी संपूर्ण गाडी स्कॅन करून सगळ्या मॉड्यूलचे कोड फाइलमध्ये साठवा. ब्रेक मॉड्यूलचं मूळ कोडिंग कागदावर लिहा, शिवाय फोटो काढा. बॅटरीला चार्जर लावून ठेवा. कोडिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट अवस्थेत अडकतं आणि तो डबा स्वस्त नसतो. एका वेळी एकच बदल करा, गाडी बंद-चालू करा, पुन्हा स्कॅन करा. इंटरनेटवर दुसऱ्या कुणाच्या गाडीचं अख्खं कोडिंग मिळालं म्हणून ते जसंच्या तसं चिकटवू नका. त्याच मॉडेलमध्येही मागे डिस्क की ड्रम, गिअरबॉक्स कुठला, यानुसार आकडे बदलतात. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून घाट चढण्यासारखंच ते.

वॉरंटीतल्या गाडीवर हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला बदललेलं कोडिंग दिसतं, आणि पुढे ब्रेकचा कुठलाही दावा करताना तोच मुद्दा पुढे येतो.

सेन्सर काढण्याचा मार्ग

जुन्या काही गाड्यांत गाडीच्या फिरकीचा सेन्सर मधल्या कन्सोलखाली किंवा सीटखाली वेगळा बसवलेला असतो. त्याचा सॉकेट काढला की मॉड्यूलला ईएससी चालवता येत नाही, ते दिवा लावतं, आणि एबीएस मात्र चालू ठेवतं. ऐकायला सोपं आहे, पण हा बिघाडून बंद पाडण्याचाच प्रकार आहे. काही मॉडेलमध्ये हे चालतं, काहींमध्ये त्यासोबत एबीएसही जातं, आणि नव्या गाड्यांत हा सेन्सर एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये किंवा थेट ब्रेकच्या डब्यातच असतो, म्हणजे काढण्यासारखं काही उरत नाही.

स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर तर विचारातही घेऊ नका. अनेक गाड्यांत तो स्टिअरिंगखाली क्लॉक स्प्रिंगच्या (स्टिअरिंगसोबत गुंडाळणाऱ्या वायरच्या पट्टीच्या) जोडीला बसतो, तिथूनच एअरबॅगची वायर जाते. शिवाय इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग त्याच माहितीवर अवलंबून असू शकतं. ट्रॅकवर वळणात स्टिअरिंग अचानक जड झालं तर ईएससीची आठवण येईल.

फिरकीच्या सेन्सरचा मार्ग घ्यायचाच असेल तर अट एकच : इग्निशन बंद ठेवून सॉकेट काढायचा, आणि पुढे सांगितलेली चाचणी पूर्ण पास झाल्याशिवाय ट्रॅकवर जायचं नाही.

दिव्यांची भाषा

डॅशबोर्डवर तीन दिवे बघायचे. घसरणाऱ्या गाडीचं चित्र आणि त्याखाली ऑफ असा पिवळा दिवा : ईएससी बंद आहे, आपल्याला हेच हवं. गोल कंसातली एबीएसची पिवळी अक्षरं पेटलेली : एबीएस गेलं, गाडी ट्रॅकवर न्यायची नाही. एबीएसच्या दिव्यासोबत हँडब्रेकचा लाल दिवाही पेटलेला, आणि हँडब्रेक तर खाली आहे : बहुतेक गाड्यांत याचा अर्थ ईबीडीही गेलं. अशी गाडी चालवत घरीही नेऊ नका.

इग्निशन चालू केल्यावर हे सगळे दिवे क्षणभर लागून विझतात, तेही बघा. एबीएसचा दिवा सुरुवातीलाही लागत नसेल तर जुन्या गाडीत कुणीतरी बल्ब काढून किंवा वायर वळवून बिघाड लपवलेला असू शकतो. सेकंडहँड गाडी घेऊन ट्रॅकची तयारी करणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी तपासावी.

बंद जागेत चाचणी

दिवा काय सांगतो ते पुरेसं नाही, चाकं काय करतात ते बघायचं. त्यासाठी मालकाच्या परवानगीनं मिळालेली, फाटक लावता येईल अशी मोकळी, सपाट, कोरडी फरसबंद जागा हवी. गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीचे रस्ते रविवारी दुपारी ओस दिसतात, पण ते सार्वजनिक रस्ते आहेत आणि कुठल्या गेटमधून ट्रक बाहेर येईल सांगता येत नाही. तिथं नको.

पहिली फेरी सगळं चालू ठेवून घ्या. सरळ रेषेत चाळीसचा वेग, क्लच आणि ब्रेक एकदम खाली, पाय दाबूनच ठेवायचा. पेडल पायाखाली थरथरेल, खरखर आवाज येईल. ती थरथर लक्षात ठेवा, कारण पुढे तुलना तिच्याशीच करायची आहे. बाजूला उभ्या असलेल्या मित्राला मोबाइलवर चाकांचं चित्रीकरण करू द्या, विशेषतः मागच्या चाकांचं. मित्र गाडीच्या रेषेपासून बराच लांब, बाजूला उभा राहील. पुढं किंवा मागं नाही.

आता ईएससी बंद करून तीच फेरी. थरथर तशीच यायला हवी. चित्रीकरणात चाक अडखळत, पण फिरत राहताना दिसायला हवं. अगदी शेवटच्या हातभर अंतरात चाक थांबून घासलं तर घाबरू नका. चालण्याच्या वेगाखाली एबीएस काम करत नाही, ते ठरलेलंच आहे. पण वेगात असताना मागचं चाक सलग स्थिर दिसलं किंवा जमिनीवर मागच्या टायरचा सलग काळा पट्टा उमटला, तर त्या दिवशीचं काम तिथंच थांबवा आणि सगळं पूर्ववत करा. सगळं ठीक असेल तर वेग साठपर्यंत नेऊन पुन्हा बघा.

ईएससी खरंच बंद झालंय का, हे पाहायला ट्रॅफिकचे प्लास्टिकचे कोन मांडून एक वर्तुळ आखा आणि हळूहळू वेग वाढवत फिरा. चालू असताना एका टप्प्यावर दिवा लुकलुकतो, रेस दिली तरी इंजिन मरगळतं. बंद असताना तसं होत नाही, टायर ओरडतात आणि गाडीचं नाक बाहेर जायला लागतं. वेळ मिळाल्यास पावसाळ्यात ओल्या जमिनीवर हीच कसरत कमी वेगात करून बघा. आपल्याकडं पाऊस कमी नाही, आणि ओल्या जमिनीवर सगळं कमी वेगात, कमी खर्चात शिकता येतं.

ब्रेक आणि टायर

ईएससी चालू ठेवून ट्रॅकवर जोरात चालवलं तर ते वळणावळणाला एखाद्या चाकाचा ब्रेक वापरतं, आणि पॅड अशा ठिकाणी तापतात जिथं तुम्ही ब्रेक मारलेलाच नसतो. ईएससी बंद केल्यावर हा भार कमी होतो, पण संपत नाही : एक्सडीएससारखी आतल्या चाकाला ब्रेक लावणारी सोय कित्येक गाड्यांत चालूच राहते.

ब्रेक ऑइल नवीन भरा. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असतो. ओलावा शोषला की त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. पावसाळ्यातल्या दमटपणात दोन-दोन वर्षं तेच ऑइल ठेवलेल्या गाडीचं पेडल ट्रॅकवर काही लॅपमध्येच स्पंजासारखं होतं. बदलताना वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या डब्यात हवा शिरली तर ती साध्या ब्लीडिंगनं (नळ्यांतली हवा काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीनं) निघत नाही, स्कॅनरनं पंप चालवून काढावी लागते.

पुढच्या आणि मागच्या टायरचा बाहेरचा व्यास कंपनीनं दिलेल्यापेक्षा फार वेगळा ठेवू नका. चाकांचे वेग जुळेनासे झाले की मॉड्यूल गोंधळतं, आणि तिथं फटका एबीएसलाही बसतो. अलाइनमेंट केलेली असेल तर स्टिअरिंगच्या कोनाचं शून्य स्कॅनरवर तपासून घ्या.

बंद कधी करायचं

ट्रॅकवरच्या पहिल्या सत्रात ईएससी चालूच ठेवा. हे भित्र्यांसाठी नाही. कुठल्या वळणात दिवा लुकलुकतो ते शेजारी बसलेल्याला टिपून घ्यायला सांगा. तो दिवा म्हणजे फुकटचा प्रशिक्षक आहे : वळणात शिरताना लुकलुकला तर तुम्ही ब्रेक उशिरा सोडताय किंवा स्टिअरिंग झटक्यानं फिरवताय, बाहेर पडताना लुकलुकला तर रेस लवकर देताय. हे लुकलुकणं बरंच कमी झालं की मग स्पोर्ट किंवा मधला टप्पा असेल तर तो, आणि त्यानंतर पूर्ण बंद.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बंद केल्यावर सगळ्यात जास्त चुकतं ते एका ठिकाणी. वेगवान वळणात मनात धाकधूक होते आणि पाय रेसवरून पटकन उचलला जातो. वजन पुढं जातं, मागचं टोक बाहेर निसटतं. ईएससी असताना त्यानं हे गुपचूप सावरलेलं असतं, म्हणून आपण असं करतो हे कित्येकांना ठाऊकच नसतं. पाय हळू उचला, नजर बाहेर पडायच्या दिशेला ठेवा, आणि निसटलंच तर स्टिअरिंग त्या बाजूला वळवून थोडी रेस धरून ठेवा. पूर्ण फिरली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही खाली, गाडी थांबेपर्यंत.

एबीएसबद्दल एक खास गोष्ट, जी चारचौघांत फार बोलली जात नाही. वळणाच्या कडेच्या कर्बवर किंवा उंचसखल जागी चाक क्षणभर हवेत असताना कडक ब्रेक मारला तर एबीएसला वाटतं जमीन बर्फासारखी निसरडी आहे. ते दाब सोडून बसतं, पेडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत नाही. घाबरून आणखी जोर लावून उपयोग होत नाही. पाय क्षणभर सोडून पुन्हा दाबायचा. आणि मुळात ब्रेक सरळ भागात, कर्बपासून लांब मारायचा. एबीएस दर वळणाला थरथरत असेल तर तुम्ही त्याच्यावर विसंबून चालवताय. पेडल थोडं कमी दाबूनही गाडी तेवढ्याच अंतरात थांबते, टायर मात्र जास्त टिकतात.

तापलेले ब्रेक थंड व्हावेत म्हणून शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता फिरा, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा.

कायदा, विमा आणि परतीचा रस्ता

आपल्याकडच्या खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित रेसिंग, वेगाची चाचणी वगैरे वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर ठोकली तर खर्च खिशातून, हे धरूनच जा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात धुक्यात, समोरून एसटी येताना ईएससी बंद करून कुणाला काय सिद्ध करायचं असतं, मला कळत नाही.

कोल्हापूरकरांना चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटला जायचं असेल तर एक सोय अशी, की कागलवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट त्या भागातूनच जातो. अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास. ट्रॅकवर दमलेल्या गाडीनंच तेवढं परत यायचं असतं. म्हणून निघण्याआधी पिटमध्येच सगळं पूर्ववत करा : मूळ कोडिंग परत, काढलेला सॉकेट परत, स्कॅन करून उरलेले बिघाडाचे कोड पुसून टाका, पॅडची जाडी आणि ऑइलची पातळी बघा, तापलेल्या टायरमधली कमी केलेली हवा थंड झाल्यावर पुन्हा भरा, चाकांचे नट टॉर्क रेंचनं तपासा. इग्निशन लावल्यावर ईएससीचा पिवळा दिवा लागून विझला पाहिजे. काही गाड्यांत सेन्सर जोडल्यावर तो थोडं अंतर सरळ चालवल्यावरच विझतो. महामार्गाला लागेपर्यंतही विझला नाही, तर तिथूनच मागं फिरून पुन्हा स्कॅन करा.